वातायनाकडून तावदानाकडे

भाईंदर पूर्वेला केबिन रोड आहे. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि गेली काही वर्षे याच रस्त्यावर राहतो. रस्त्याच्या नावातली ‘केबिन’ आम्ही पहिल्यापासून रेल्वेच्या सिग्नल केबिनीशीच जोडत आलो आहोत. पश्चिमेला रूळ असताना दुसरा अर्थ मनात येण्याचे कारणही नव्हते. ज्यांनी अशी जुनी केबिन पाहिली असेल त्यांना तिची ठेवण आठवत असेल. खाली दगडी किंवा विटांचा मजला, वर तरफांची खोली, आणि त्या खोलीला तीन बाजूंनी खिडक्याच खिडक्या. केबिनमनला दोन्ही दिशांचे रूळ सतत दिसले पाहिजेत, म्हणून भिंत जवळजवळ नाहीच. म्हणजे उन्हाच्या दृष्टीने पाहिले तर ही खोली भट्टीच व्हायला हवी. ती तशी होत नसे, याचे कारण खोलीवरचे छप्पर भिंतीच्या कितीतरी बाहेर आलेले असे आणि खिडक्या सरकवून हव्या तेवढ्या उघड्या ठेवता येत. माणूस सावलीत बसे आणि उजेडातले जग पाही. ज्या कुणी ती आखली त्याला वास्तुशास्त्राचे तत्त्वज्ञान मांडायचे नव्हते. पण काच आणि ऊन यांच्या मध्ये सावली असली पाहिजे, ही गोष्ट त्याला ठाऊक होती.

ही आठवण येण्याला निमित्त घडले ते उत्तरपत्रिकांच्या तपासणीचे. एका उन्हाळ्यात आम्हांला ज्या इमारतीत तपासणीसाठी बसवले होते ती नवी होती आणि तिची पश्चिमेची संपूर्ण बाजू काचेची होती. काचा न उघडणाऱ्या. वातानुकूलन होते, पण दुपारी तीननंतर ते हरत असे. चारच्या सुमारास ऊन थेट टेबलांवर येई आणि परीक्षक खुर्च्या ओढत ओढत भिंतीकडे सरकत. तिसऱ्या दिवशी कुणीतरी गोंदाची बाटली आणली आणि काचांवर वर्तमानपत्रे चिकटवली. चिकटवलेल्या पानांत एका रविवार पुरवणीचेही पान होते, हे आम्हां साहित्याच्या माणसांच्या नजरेतून सुटले नाही. त्यानंतर दिवे लावून काम सुरू झाले. भर मे महिन्यात, काचेच्या भिंतीशेजारी, वर्तमानपत्राच्या आडोशाला, ट्यूबलाईटच्या उजेडात आम्ही निबंध तपासत होतो.

हसून सोडून देण्याजोगी ही गोष्ट आहे. पण मुंबई आणि तिच्या आसपासच्या प्रदेशात मोठ्या इमारतींतून ऊन कसे अडवावे याचे ज्ञान किमान दीडशे वर्षे नांदत होते. ते दगडात, लाकडात आणि काँक्रीटमध्ये आजही उभे आहे. मग ते वर्तमानपत्रापर्यंत कसे येऊन पोहोचले? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा माग काढण्याचा आमचा प्रयत्न आहे.

शब्दांपासून सुरुवात करू. तो आमचा परिचित प्रांत आहे. संस्कृतात खिडकीला ‘वातायन’ म्हणतात. वात म्हणजे वारा आणि अयन म्हणजे मार्ग. वाऱ्याच्या जाण्यायेण्याची वाट ती खिडकी. ‘गवाक्ष’ हा दुसरा शब्द तिला डोळा ठरवतो. इंग्रजीतल्या ‘विंडो’चे मूळही जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘वाऱ्याचा डोळा’ अशा अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे थंड आणि उष्ण अशा दोन्ही देशांतल्या माणसांना खिडकी म्हटल्यावर आधी वारा आठवला. आता मराठीत रुळलेला ‘तावदान’ हा शब्द पाहा. तो फारसी ‘ताबदान’वरून आला. ‘ताब’ म्हणजे तेज आणि उष्णताही. प्रकाश आत घेणारा झरोका आणि भट्टी, असे दोन्ही अर्थ फारसीत त्या एका शब्दाला आहेत. काचेचे तावदान एकाच वेळी उजेडाचे आणि उष्णतेचे पात्र असते, ही गोष्ट शब्दाने आपल्याला कधीच सांगून ठेवली होती. आमच्या इतिहासाचे सूत्र सांगायचे झाले तर ते एवढेच आहे: वातायन मागे पडले आणि तावदान उरले.

काच हे विलक्षण द्रव्य आहे. सूर्याकडून येणारी लघुलहरींची उष्णता ती सहज आत सोडते. त्या उष्णतेने जमीन, भिंती, टेबले तापली की त्यांच्यापासून निघणाऱ्या दीर्घ लहरींना मात्र ती बाहेर जाऊ देत नाही. साध्या पातळ काचेतून तिच्यावर पडलेल्या सौर उष्णतेपैकी सुमारे ८५ टक्के आत येते. उन्हाळ्याच्या दुपारी पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला पाचशे वॅटहून अधिक ऊन पडू शकते. घरातली नेहमीची पाच फूट रुंद, चार फूट उंच खिडकी घेतली तर साडेसातशे वॅटच्या पुढे उष्णता आत येते, म्हणजे कपड्यांची एक इस्त्री खोलीत सतत चालू ठेवल्यासारखे. काचेच्या आत पडदा लावून तिचा थोडाच भाग परत पाठवता येतो. कारण ऊन तोवर घरात आलेले असते आणि पडदा स्वतःच तापून खोली तापवू लागतो. आडोसा काचेच्या बाहेर असला तरच उष्णता बाहेर राहते. या विषयाचे सारे शास्त्र या एका वाक्यात मावते.

पण बाहेर आडोसा करायचा म्हणजे सूर्याची वाट माहीत हवी. आपण सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर राहतो. मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. जूनमध्ये तो किंचित उत्तरेला सरकतो आणि डिसेंबरात दक्षिणेला झुकून क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर येतो. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल तर मार्च आणि सप्टेंबरातल्या मध्यान्ही चार फुटांची सगळी खिडकी सावलीत राहते आणि डिसेंबरात अर्ध्या खिडकीतून कोवळे ऊन आत येते. म्हणजे दक्षिण ही सभ्य दिशा. पश्चिम तशी नाही. मे महिन्यात दुपारी साडेचारला सूर्य पश्चिमेला साधारण ३५ अंशांवर असतो आणि त्याच दोन फुटी छज्ज्याची सावली दीड फूटही खाली येत नाही. साडेपाचला तर ती पाऊण फुटावर येते. पश्चिमेचे ऊन वरून येत नाही. ते समोरून, पाहुण्यासारखे दारातून येते. त्याला अडवायला छज्जा पुरत नाही. खोल व्हरांडा लागतो, उभ्या पट्ट्या लागतात, नाहीतर झडपा लागतात.

आणि येथेच कोकणपट्टीची खरी अडचण सुरू होते. विदर्भात किंवा देशावर हवा कोरडी असते. तिथे जाड भिंती, लहान खिडक्या, दुपारी बंद दारे आणि वाळ्याचे ओले पडदे हा उपाय चालतो. किनाऱ्यावर हवा दमट. वाळ्याच्या पडद्याने इथे काही साधत नाही, आणि खिडकी बंद केली तर घाम सुकत नाही. इथे वारा हवाच. शिवाय मुंबईत वारा बहुतांशी पश्चिमेच्या समुद्रावरून येतो, ऊनही पश्चिमेचे, आणि पावसाची झडही त्याच दिशेची. ज्या दिशेला उघडायचे तीच दिशा झाकायची, असा हा पेच आहे. जुन्या कोकणी घराने तो पडवीने सोडवला. उतरते छप्पर माणसाच्या उंचीपर्यंत खाली आणायचे, म्हणजे भिंतीला ऊन आणि पाऊस दोन्ही लागत नाहीत आणि वारा खालून शिरतो. गोव्यातल्या जुन्या घरांनी खिडकीत काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे लाकडी चौकटीत बसवले. उजेड दुधी होऊन आत येई, डोळ्यांना टोचत नसे. हे सारे एक-दोन मजल्यांच्या घरांसाठी ठीक होते. प्रश्न मोठ्या इमारतीचा होता.

मोठी सार्वजनिक इमारत मुंबईत आली ती प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. किल्ल्याच्या भिंती पाडल्यानंतर ओव्हल मैदानाच्या पूर्वेला एका ओळीत सरकारी वास्तू उभ्या राहिल्या. कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचे सचिवालय १८७४ मध्ये पूर्ण झाले, जेम्स फुलर यांचे उच्च न्यायालय १८७८ मध्ये. या इमारतींचा तोंडवळा इंग्लंडातला किंवा इटलीतला आहे, हे सगळेच सांगतात. आमचे लक्ष वेधले ते वेगळ्या गोष्टीने. या इमारती पश्चिमेकडे तोंड करून उभ्या आहेत. तेव्हा बॅक बेचे पाणी आजच्या मानाने बरेच जवळ होते. सरळ वारा घेता यावा म्हणून पश्चिम निवडली, आणि मग त्या पश्चिमेच्या उन्हाला अडवण्यासाठी सचिवालयाच्या दर्शनी भागात मजल्यामजल्यांवर कमानींचे व्हरांडे घातले. हिशेब करून पाहा. व्हरांडा दहा फूट खोल आणि कमान नऊ फूट उंच धरली, तर मे महिन्यातल्या साडेचारच्या उन्हाचा सर्वांत वरचा किरण आतल्या भिंतीवर जमिनीपासून दोनच फुटांवर पडतो. खिडकीच्या उंबरठ्याला तो स्पर्शही करत नाही. ज्या कमानींना आपण गॉथिक शैलीचा अलंकार म्हणतो त्या प्रत्यक्षात कारकुनाच्या टेबलावर सावली धरून उभ्या होत्या. इतिहासकारांनी शैलीचे नाव नोंदवले; सावलीचा उल्लेख मात्र पुष्कळदा राहून गेला.

याच काळातले वॉटसन हॉटेल (आजचे एस्प्लनेड मॅन्शन) पाहावे. रोलंड मेसन ऑर्डिश यांनी आखलेला तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून जहाजाने इथे आणला होता. १८६० च्या दशकाच्या अखेरीस ती उभी राहिली. अशी आयात केलेली इमारतही मुंबईत उतरताच मजल्यामजल्याला सज्जे घेऊन उभी राहिली. सांगाडा परका होता तरी ऊन इथलेच होते. केबिन रोडच्या रहिवाशांना अधिक जवळचे उदाहरण चर्चगेटला आहे. आपल्या दारावरून जाणारी रेल्वे ज्या कंपनीची होती त्या बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे मुख्यालय फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखले आणि ते १८९९ मध्ये पूर्ण झाले. बोरीबंदरचे व्हिक्टोरिया टर्मिनस (१८७८ ते १८८८) हेही त्यांचेच काम. त्या दोन भव्य वास्तू आणि रुळांकाठची एखादी साधी केबिन यांच्यात तुलना हास्यास्पद वाटेल. पण उन्हाच्या बाबतीत तिघींचे व्याकरण एकच आहे: आधी सावली, मग काच.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत हे व्याकरण बदलले नाही, द्रव्य बदलले. सिमेंट काँक्रीट आले. दगडी कमानीशिवायही आता भिंतीतून दोन-तीन फूट पुढे आलेली सलग पट्टी निघू शकत होती. बॅक बेच्या भरावावर, मरीन ड्राइव्हला आणि ओव्हलच्या पश्चिमेला ज्या आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या त्यांच्या खिडक्यांवरून मजल्यागणिक अशी पट्टी धावते, कोपऱ्यावर वळते आणि पुढे जाते. अभ्यासक तिला ‘भुवई’ म्हणतात. नाव नेमके आहे. भुवई डोळ्यांत घाम उतरू देत नाही, ही पट्टी खिडकीत ऊन आणि पाऊस उतरू देत नाही. आणि ‘छज्जा’ या शब्दाचे नाते झाकण्याशी आहे, हेही येथे आठवावे. या इमारती आखणाऱ्यांत आता आपली माणसे होती. ओव्हलसमोरचे ‘एम्प्रेस कोर्ट’ गजानन बाबुराव म्हात्रे यांचे. फोर्टातल्या न्यू इंडिया ॲश्युरन्सच्या इमारतीचे वास्तुकार मास्टर, साठे आणि भूता. जे. जे.च्या वास्तुविभागात क्लॉड बॅटली यांच्यासारखे प्रमुख विद्यार्थ्यांना जुन्या भारतीय इमारतींची मोजमापे घ्यायला धाडत होते. मोजपट्टी घेऊन छज्जा मोजणारा विद्यार्थी तो का आहे हे विसरण्याचा संभव कमी असतो. आज ओव्हलच्या एका बाजूला व्हिक्टोरियन गॉथिक आणि दुसऱ्या बाजूला आर्ट डेको अशा दोन रांगा समोरासमोर आहेत. २०१८ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा यादीत घेतले. दोन रांगांत अर्धशतकाहून अधिक अंतर आहे, शैलीत साम्य नाही. मैदानात उभे राहून दोन्हींकडे दुपारी पाहिले तर सावलीच्या रेघा मात्र दोन्हीकडे दिसतात.

याच वेळी युरोपात उलटा प्रयोग चालू होता. ल कॉर्बुझिए या थोर वास्तुकाराने पॅरिसमध्ये साल्व्हेशन आर्मीसाठी निराधारांचे वसतिगृह बांधले. १९३३ मध्ये ते उघडले. दर्शनी बाजूला उंचच्या उंच बंद काचेची भिंत होती. आत हवा यंत्राने खेळवायची अशी योजना होती. पण थंड करण्याची यंत्रणा आलीच नाही. हिवाळ्यात उद्घाटन झाले तेव्हा सारे छान होते. उन्हाळा आला आणि आतली माणसे भाजून निघाली. पुढे उघडणाऱ्या खिडक्या कराव्या लागल्या आणि महायुद्धानंतरच्या दुरुस्तीत काचेपुढे काँक्रीटच्या सूर्यरोधक पट्ट्या बसल्या. एका चुकीतून माणूस काय शिकू शकतो याचे हे उदाहरण आहे. कारण पुढे तोच कॉर्बुझिए सूर्यरोधक पट्ट्यांचा मोठा पुरस्कर्ता झाला. अहमदाबादच्या गिरणीमालक संघाच्या इमारतीत (१९५४) पश्चिमेकडे तिरप्या बसवलेल्या खोल काँक्रीट पट्ट्या आहेत. उन्हाला त्या पाठ दाखवतात आणि वाऱ्याला वाट देतात. त्याआधीच पाँडिचेरीच्या अरविंदाश्रमात अँटोनिन रेमंड यांनी आखलेल्या ‘गोलकोंड’ या वसतिगृहाने काच जवळजवळ रजेवरच पाठवली होती. तिथे भिंतीच्या जागी वरपासून खालपर्यंत हलवता येणाऱ्या आडव्या पट्ट्या आहेत. ती इमारत म्हणजे एक अखंड वातायनच आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात या ज्ञानाला शास्त्राचे रूप मिळाले. म्हैसूर संस्थानात मुख्य वास्तुकार राहिलेल्या ओट्टो कोनिग्सबर्गर यांनी पुढे उष्ण प्रदेशातल्या घरबांधणीवर सहकाऱ्यांसह पाठ्यपुस्तक लिहिले. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत उन्हावर आणि सावलीवर संशोधन झाले. १९७० मध्ये राष्ट्रीय इमारत संहिता आली. आणि मुंबईत चार्ल्स कोरिया यांनी जुना पेच पुन्हा हाती घेतला. कंबाला हिलवरची त्यांची ‘कांचनजंगा’ १९८३ मध्ये पूर्ण झाली. अठ्ठावीस मजले, बत्तीस घरे. त्यांनी मांडलेला प्रश्न कोकणी पडवीचाच होता: मुंबईत घर पूर्व-पश्चिम उघडले पाहिजे, कारण वारा आणि समुद्राचे दर्शन तिकडेच आहे, आणि ऊन व पाऊसही तिकडूनच येतात. जुन्या बंगल्याने घराभोवती व्हरांडा गुंडाळून हा प्रश्न सोडवला होता. कोरियांनी तो व्हरांडा दोन मजली उंचीच्या खोल गच्चीच्या रूपाने इमारतीच्या कोपऱ्यांत कोरला. दुरून पाहिले तर मनोऱ्याचे कोपरे कुणी कुरतडल्यासारखे दिसतात. त्या कुरतडलेल्या जागेत सावली राहते. हा सगळा थाट श्रीमंतांच्या घरांसाठी होता, हा आक्षेप खरा आहे. पण चाळीची सामाईक गॅलरी गरिबाच्या भिंतीवर तेच काम, कुठल्याही वास्तुकाराच्या सहीशिवाय, करत आली होती, हेही तितकेच खरे आहे.

मग विसर कुठे पडला? दोष एकट्या काचेवर टाकणे सोपे आहे. ते पुरेसे नाही. न्यूयॉर्कच्या लीव्हर हाऊसने १९५२ मध्ये बंद काचेच्या कार्यालयीन मनोऱ्याचा नमुना घालून दिला. तो त्या शहराच्या हवेत आणि स्वस्त विजेच्या काळात जन्मला होता. आपल्याकडे तो उदारीकरणानंतर, १९९० च्या दशकात आणि पुढे, जोमाने आला. तोवर एअर कंडिशनर हे यंत्र राहिले नव्हते, प्रतिष्ठेची खूण झाले होते. उन्हाला अडवणे हे आता इमारतीचे काम उरले नाही. ते यंत्राचे, आणि म्हणून वीजबिलाचे काम झाले. या स्थित्यंतराचा आर्थिक अर्थ आम्हांला महत्त्वाचा वाटतो. छज्ज्याचा खर्च बांधणारा एकदाच करतो. विजेचा खर्च राहणारा दरमहा करतो, तीस-चाळीस वर्षे. सावली काढून टाकली तेव्हा खर्च नाहीसा झाला नाही, एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला. शिवाय यंत्र खोलीतली उष्णता नष्ट करत नाही. ती उचलून, स्वतःची भर घालून, बाहेर टाकते. ती जाते शेजारच्या खिडकीकडे, जिथे यंत्र घेण्याची ऐपत नसलेला माणूस खिडकी उघडून वाऱ्याची वाट पाहत बसलेला असतो.

निवासी इमारतींत विसर अधिक शांतपणे आला. भाईंदरच्या जुन्या चार मजली इमारती पाहाव्यात. लाकडी चौकटीच्या, बाहेर उघडणाऱ्या खिडक्या आणि वर दीड-दोन फुटांचा छज्जा. पुढे ॲल्युमिनियमची सरकती खिडकी आली. ती टिकाऊ, स्वस्त आणि पावसाला बरी. पण दोन रुळांची खिडकी कधीही निम्म्याहून अधिक उघडत नाही. अर्धे वातायन कायमचे तावदान झाले. छज्जा हळूहळू अरुंद होत गेला आणि कुठे कुठे नाहीसा झाला. बाल्कनीचे भवितव्य तर चटईक्षेत्राच्या हिशेबात अडकले. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत बाल्कनी काही मर्यादेपर्यंत चटईक्षेत्रात धरली जात नसे आणि ती बंदिस्त करण्याचीही मुभा होती. साहजिकच ती खोलीत घेतली गेली. या आणि फ्लॉवरबेडसारख्या सवलतींचा गैरवापर वाढला म्हणून २०१२ मध्ये नियम बदलून त्या चटईक्षेत्रात मोजल्या जाऊ लागल्या. पहिल्या नियमात बाल्कनीची खोली होत होती. दुसऱ्या नियमात बाल्कनी बांधण्याचे कारणच उरत नव्हते. दोन्ही नियमांमागचे हेतू आपापल्या जागी समजण्यासारखे आहेत. पण ज्या जागेत कुणी राहत नाही, फक्त सावली राहते, तिला हिशेबात स्थान कसे द्यावे याचे उत्तर दोन्हींकडे नव्हते.

लोकांनी मात्र आपले उत्तर शोधले. केबिन रोडवरून चालताना वर पाहावे. खिडकीबाहेर लोखंडी बॉक्स ग्रिल, तिच्यावर पत्रा, आत तुळस, कोरफड, वाळत घातलेल्या साड्या. सौंदर्यदृष्टी असलेली मंडळी या दृश्याला नावे ठेवतात. आम्हीही एकेकाळी ठेवत होतो. आता वाटते, हीच आमच्या काळातली लोककला आहे. पत्रा हा छज्जा, साडी हा पडदा, कुंडीतली रोपे ही पडवी. आणि हे सारे काचेच्या बाहेर. अहमदाबादच्या त्या काँक्रीटच्या पट्ट्यांमागे जो विचार होता तोच इथे, लोहाराच्या हातून, हप्त्याने आलेला आहे. (आगीच्या वेळी ही ग्रिल धोक्याची ठरते, हे विसरून चालणार नाही. पण इमारतीने सावली दिली असती तर पत्र्याची गरज उरली नसती.)

कायदा या ज्ञानाकडे उशिरा, पण परत आला आहे. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर २००७ मध्ये मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली. काचेतून किती टक्के सौर उष्णता आत यावी याला तिने मर्यादा घातली. उष्ण-दमट प्रदेशासाठी, भिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंत काच असेल तर ती पाव हिश्शाची. २०१७ च्या सुधारित संहितेने काचेचे क्षेत्रच भिंतीच्या ४० टक्क्यांवर रोखले. २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आली. भिंती आणि खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेला तिने दर चौरस मीटरला १५ वॅटची सरासरी मर्यादा सुचवली. विशेष म्हणजे या संहितांत छज्ज्याला आणि उभ्या पट्ट्यांना हिशेबात श्रेय मिळते. पण बाजारातला सोपा मार्ग वेगळा आहे: लेप दिलेली, परावर्तक काच विकत घ्यायची आणि मर्यादा गाठायची. ही काच उपयुक्त आहे, यात शंका नाही. मात्र ती उष्णतेबरोबर बहुधा उजेडही कमी करते, आणि न उघडणाऱ्या चौकटीत बसवली तर वारा देत नाहीच. पुन्हा दिवे, पुन्हा यंत्र. ऊन अडवले गेले तरी वातायन परत आलेले नसते.

आमच्या विषयाचा आणि या सगळ्याचा संबंध काय, असे एका सहकाऱ्याने आम्हांला विचारले. संबंध असा की ज्ञान विसरले जाण्याची रीत भाषेत आणि वास्तूत सारखीच असते. आधी वस्तूचे काम विसरले जाते आणि तिचा आकार शोभा म्हणून उरतो. मग शोभा महाग वाटते आणि आकारही जातो. व्हरांड्याची कमान, काँक्रीटची भुवई, चाळीची गॅलरी यांना आपण शैलीच्या खात्यात जमा केले, त्यामुळे त्या वगळताना आपण काही गमावतो आहोत असे कुणाला वाटले नाही. शैली बदलतेच, असे म्हणून आपण मोकळे झालो. सावलीची बाजू मांडणारे कुणी नव्हते. ‘केबिन’ या शब्दाचेही तसेच झाले. आज मराठीत केबिन म्हटले की काचेने बंद केलेली, एसी लावलेली साहेबाची खोली डोळ्यांपुढे येते. रुळांकाठच्या त्या तीन बाजूंनी उघड्या, छपराच्या सावलीतल्या खोलीशी तिचे नाते उरलेले नाही.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही आमच्या पश्चिमेच्या खिडकीबाहेर बांबूचा चिकाचा पडदा टांगला. साडेचारचे ऊन त्याच्यावर थांबू लागले आणि संध्याकाळी खोलीत बसणे शक्य झाले. पंधरा दिवसांत सोसायटीची चिठ्ठी आली: इमारतीच्या बाहेरील बाजूस काहीही टांगू नये, त्यामुळे इमारतीची शोभा जाते. आम्ही उत्तर लिहिले. त्यात वातायनही नव्हते आणि कॉर्बुझिएही नव्हता. मे महिन्यात पाच वाजता समितीच्या सदस्यांनी आमच्याकडे चहाला यावे, आधी पडदा वर गुंडाळून आणि मग खाली सोडून आपण बसू, आणि नंतर निर्णय घ्यावा, एवढेच त्यात होते. तिघे जण आले. पडदा वर असताना चहा कुणाला संपवता आला नाही. निर्णय अजून व्हायचा आहे. पण त्या तिघांपैकी एकाच्या खिडकीबाहेर आता चिक दिसते आहे.